हवामानाचे भविष्य : युवकांचा सहभाग आणि निर्णयप्रक्रियेतील स्थान

नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथे भरलेल्या जागतिक हवामान परिषदेत भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. ज्या पिढीने हे उद्दिष्ट ठरवले, तिच्यातील फारच थोडे लोक ते पूर्ण झालेले पाहतील. याउलट २०१० मध्ये जन्मलेली मुलगी २०७० मध्ये ६० वर्षांची असेल. उद्दिष्टाकडे जाणारा सगळा मार्ग तिच्या शिक्षणाच्या, उपजीविकेच्या आणि संसाराच्या वर्षांतून जातो. निर्णय एका पिढीचा आणि परिणाम दुसऱ्या पिढीचे, असे विकासाच्या अनेक प्रश्नांत घडते. पण हवामान बदलाच्या प्रश्नात हे अंतर सर्वाधिक आहे.

राष्ट्रीय युवा धोरण २०१४ नुसार १५ ते २९ वयोगटाचे देशाच्या लोकसंख्येतील प्रमाण २७.५ टक्के होते. एवढ्या मोठ्या समूहाचा हवामानविषयक कामातील सहभाग बहुधा वृक्षारोपण, प्रभातफेरी, घोषवाक्ये आणि चित्रकला स्पर्धा यांपुरता दिसतो. हे उपक्रम निरुपयोगी नाहीत. परंतु धरण, वीजकेंद्र, बंदर किंवा शहराचा विकास आराखडा यांसारखी कामे एकदा झाली की अनेक दशके टिकतात आणि त्यांच्याबरोबर पुढील पिढीचे पर्यायही बांधले जातात. म्हणूनच हे भविष्य कसे असावे, याची कल्पना करण्याच्या आणि ती आराखड्यात उतरवण्याच्या प्रक्रियेत तरुणांना स्थान कसे देता येईल, हा अभ्यासाचा विषय ठरतो.

भविष्य एक नव्हे, अनेक

हवामानाचे भविष्य म्हणजे पंचांगात आधीच लिहून ठेवलेली गोष्ट, असा एक समज आढळतो. विज्ञानाची मांडणी वेगळी आहे. हवामान बदलविषयक आंतरसरकारी मंडळाच्या २०२१ च्या अहवालाने मानवी समाज कोणता मार्ग निवडेल यावर आधारित पाच संभाव्य चित्रे मांडली. उत्सर्जन अत्यंत वेगाने घटले, तर या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत पृथ्वीचे सरासरी तापमान औद्योगिक युगापूर्वीच्या तुलनेत सुमारे १.४ अंश सेल्सिअसने अधिक असेल. मधल्या मार्गावर ही वाढ सुमारे २.७ अंश आणि सर्वाधिक उत्सर्जनाच्या मार्गावर सुमारे ४.४ अंश होईल. १.४ आणि ४.४ यांमधील अंतर मुख्यतः माणसाच्या निर्णयांचे आहे.

भारतापुरते पाहिले तर बदलाची सुरुवात केव्हाच झाली आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने तयार झालेल्या आणि केंद्रीय पृथ्वीविज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूल्यांकनानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. १९५१ ते २०१५ या काळात मोसमी पावसात सुमारे ६ टक्के घट झाली; ती गंगेच्या मैदानात आणि पश्चिम घाटात विशेष जाणवली. भारतीय हवामान विभागाच्या नोंदींनुसार १९०१ पासूनच्या वर्षांत २०२४ हे देशातील सर्वाधिक उष्ण वर्ष ठरले.

आगाऊ केलेल्या कल्पनेने किती फरक पडतो, याचे उदाहरण ओडिशाने घालून दिले आहे. ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे १० हजार माणसे दगावली. पुढच्या वर्षांत राज्याने ‘असेच वादळ पुन्हा आले तर’ हा प्रश्न समोर ठेवून निवारे बांधले, इशाऱ्याची यंत्रणा उभारली, गावोगावी स्वयंसेवक तयार केले. ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘फायलिन’ हे अतितीव्र चक्रीवादळ त्याच राज्यात धडकले, तेव्हा सुमारे १० लाख लोकांना आधीच हलवण्यात आले आणि मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. वादळ टाळता आले नाही. मात्र त्याचे परिणाम बदलता आले. संभाव्य भविष्याची कल्पना करणे हा म्हणूनच नियोजनाचा पाया आहे.

जाणीव-जागृतीपासून सहभागापर्यंत

तरुणांना या कामात सामावून घेण्याची तत्त्वतः मान्यता जुनी आहे. १९९२ च्या रिओ परिषदेतील ‘अजेंडा २१’ या कृती आराखड्याचे २५ वे प्रकरण मुले आणि युवक यांच्या सहभागाविषयी आहे. त्याच वर्षी तयार झालेल्या हवामान बदलविषयक करारातील कलम ६ आणि २०१५ च्या पॅरिस करारातील कलम १२ शिक्षण, प्रशिक्षण व लोकसहभागावर भर देतात. बालहक्क संहितेचे कलम १२ मुलांना आपल्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा आणि त्या मताची योग्य दखल घेतली जाण्याचा हक्क देते. भारताने ही संहिता डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारली. देशांतर्गत पातळीवर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशानंतर पर्यावरण शिक्षणाला अभ्यासक्रमात अनिवार्य स्थान मिळत गेले, तर २००१-०२ पासून राष्ट्रीय हरित सेनेच्या माध्यमातून शाळाशाळांत पर्यावरण मंडळे स्थापन झाली.

या सर्वांतून माहिती पोहोचली. मात्र माहिती असणे आणि निर्णयात वाटा असणे या दोन भिन्न गोष्टी होत. रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिलेल्या निबंधात मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्या म्हणजे मुलांचा वापर करून घेणे, त्यांना शोभेसाठी उभे करणे आणि नाममात्र प्रतिनिधित्व देणे. या तिन्ही पायऱ्यांना हार्ट सहभाग मानत नाहीत. खरा सहभाग त्यापुढे सुरू होतो : काय चालले आहे हे मुलांना ठाऊक असते, त्यांचे मत विचारले जाते, त्याचे काय झाले हे त्यांना कळवले जाते आणि वरच्या पायऱ्यांवर ती स्वतः पुढाकार घेऊन प्रौढांबरोबर निर्णय घेतात. एखाद्या कार्यक्रमात हिरवी टोपी घालून उभी असलेली मुले शिडीच्या कोणत्या पायरीवर आहेत, हा प्रश्न प्रत्येक आयोजकाने स्वतःला विचारण्यासारखा आहे.

निरीक्षण : कल्पनेची पहिली सामग्री

भविष्याची कल्पना हवेतून करता येत नाही. तिला स्थानिक नोंदींचा आधार लागतो. अशा नोंदी करण्याच्या कामात विद्यार्थी किती उपयुक्त ठरू शकतात, हे ‘सीझनवॉच’ या उपक्रमाने दाखवले आहे. २०१० च्या सुमारास सुरू झालेल्या या उपक्रमात देशभरातील विद्यार्थी व नागरिक परिसरातील ठरावीक झाडांना पालवी, मोहोर, फुले आणि फळे केव्हा येतात याची नियमित नोंद करतात. केरळमधील शाळांचा यात मोठा वाटा आहे. एप्रिलच्या मध्यास येणाऱ्या विषू सणाशी तेथे बहाव्याच्या फुलांचे नाते आहे. ती फुले सणाला येतात की त्याआधीच फुलून जातात, हा प्रश्न तेथील मुलांच्या दृष्टीने घरचाच असतो. एका झाडाची एका वर्षाची नोंद फारसे काही सांगत नाही, परंतु हजारो झाडांची अनेक वर्षांची नोंद ऋतुचक्रातील बदल ओळखण्याचे साधन बनते.

१९९३ पासून भरू लागलेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेचे सूत्रही हेच होते. १० ते १७ वयोगटातील मुलांनी गटाने आपल्या परिसरातील एखादा प्रश्न निवडावा, त्याची मोजणी करावी आणि निष्कर्ष आपल्या भाषेत मांडावेत, अशी तिची रचना होती.

मोजणीतून निर्णयाकडे कसे जाता येते, हे मात्र गावपातळीवर अधिक स्पष्ट दिसते. अविभाजित आंध्र प्रदेशात २००३ नंतर राबवलेल्या शेतकरी-संचालित भूजल प्रकल्पात शेतकऱ्यांनी स्वतः पाऊस व विहिरींची पातळी मोजली आणि रब्बीच्या पिकांसाठी किती पाणी हाती आहे याचा हिशेब मांडला. महाराष्ट्रात अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावात पाण्याचा वार्षिक ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवून पीकपद्धती ठरवली जाते. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवून त्याची रोजची नोंद ठेवणे ही नववीच्या वर्गाला सहज जमणारी गोष्ट आहे. ती नोंद वहीतच राहिली तर तो प्रकल्प ठरतो आणि ग्रामसभेत वाचली गेली तर ती नियोजनाची सामग्री ठरते.

कल्पनेची ताकद : दोन उदाहरणे

लडाखमध्ये शेतकऱ्याला पाणी हवे असते ते एप्रिल-मे मध्ये, पेरणीच्या वेळी. उंचावरील हिमनद्या त्यानंतर वितळतात, तर हिवाळ्यात ओढ्यांचे पाणी वाया जाते. अभियंते चेवांग नोर्फेल यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून उंच, सावलीच्या जागी हिवाळ्यातील पाणी गोठवून कृत्रिम हिमसाठे तयार केले. हे साठे गावाजवळ, खालच्या उंचीवर का टिकू नयेत, हा पुढचा प्रश्न होता. शालान्त परीक्षेत नापास झालेल्या मुलामुलींना सामावून घेणाऱ्या लडाखमधील ‘सेकमोल’ या संस्थेत २०१३-१४ च्या हिवाळ्यात त्याचे उत्तर आकाराला आले. सोनम वांगचुक यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांनी ओढ्याचे पाणी नळातून खाली आणले. उंचीतील फरकामुळे ते विजेशिवाय उभ्या नळातून कारंज्यासारखे उडाले आणि कडाक्याच्या थंडीत शंकूच्या आकारात गोठत गेले. शंकूच्या आकाराला साठ्याच्या मानाने ऊन कमी लागते, त्यामुळे बर्फ उशिरापर्यंत टिकतो. या हिमस्तूपांची उभारणी पुढे गावोगावच्या तरुणांनी आपलीशी केली. हिमस्तूप हिमनद्यांची झीज थांबवू शकत नाही. पण नापासाचा शिक्का बसलेली मुले आपल्या प्रदेशाच्या भविष्यात भर घालू शकतात, हे त्याने सिद्ध केले.

दुसरे उदाहरण प्रशांत महासागरातील आहे. समुद्राची पातळी वाढत असताना आपल्या बेटांचे कायदेशीर भवितव्य काय, हा प्रश्न २०१९ मध्ये व्हानुआटू येथे दक्षिण प्रशांत विद्यापीठात शिकणाऱ्या कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी विचारला. हवामानाबाबत राष्ट्रांची कायदेशीर जबाबदारी कोणती, याविषयी आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे मत घ्यावे, असा त्यांचा आग्रह होता. व्हानुआटू सरकारने तो उचलून धरला. २९ मार्च २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने तसा ठराव सर्वसंमतीने केला आणि २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने एकमताने मत दिले, की हरितगृह वायूंच्या मानवनिर्मित उत्सर्जनापासून हवामान प्रणालीचे रक्षण करणे हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे. हे मत सल्लावजा आहे, बंधनकारक निकाल नव्हे. तरीही वर्गात सुचलेली कल्पना सहा वर्षांत जगाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेली, ती सरकार, कायदा आणि संस्था यांचा आधार मिळाल्यामुळे.

गावाच्या २०५० ची उलटी आखणी

शाळा-महाविद्यालयांत, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत किंवा युवक मंडळांत भविष्याची आखणी शिकवता येण्यासारखी आहे. नियोजनशास्त्रात यासाठी एक सोपी पद्धत आहे : हवे ते भविष्य आधी ठरवायचे आणि तेथून मागे मागे येत आजच्या कृतीपर्यंत पोहोचायचे. एखाद्या कोरडवाहू गावातील गटाने ती पुढीलप्रमाणे वापरता येईल.

प्रथम भूतकाळाची नोंद घ्यावी. गावातील वृद्ध स्त्री-पुरुषांना विचारून चाळीस वर्षांपूर्वी पाऊस केव्हा येई, विहिरींना पाणी कोणत्या महिन्यापर्यंत असे, कोणती पिके होती आणि ती का गेली, हे लिहून काढावे. दुसऱ्या टप्प्यात आजची मोजणी करावी : विहिरी किती, कूपनलिका किती व किती खोल, पाऊस किती, टँकर केव्हा लागतो. तिसऱ्या टप्प्यात २०५० ची तीन चित्रे मांडावीत. आहे तेच चालू राहिले तर काय होईल, परिस्थिती बिघडली तर काय होईल आणि गावाला काय हवे आहे.

चौथा टप्पा उलट्या प्रवासाचा. ‘२०५० मध्ये मे महिन्यातही विहिरीला पाणी असावे’ असे ठरले, तर २०४० पर्यंत पीकपद्धती पावसाच्या मापात बसलेली असली पाहिजे. त्यासाठी २०३० पर्यंत नव्या कूपनलिकांवर गावाची सहमती हवी. सहमतीसाठी विश्वासार्ह आकडे हवेत आणि आकड्यांसाठी येत्या पावसाळ्याआधी पर्जन्यमापक बसला पाहिजे. पन्नास सालचे स्वप्न अशा रीतीने येत्या जून महिन्यातील एका कामापर्यंत येऊन पोहोचते. शेवटच्या टप्प्यात कामांची वाटणी करावी : गटाने स्वतः करण्याची कोणती, ग्रामपंचायतीकडे मागण्याची कोणती आणि राज्य किंवा केंद्र सरकारच्या अखत्यारीतील कोणती.

हीच पद्धत शहरातही लागू पडते. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत अहमदाबादमध्ये नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे अभ्यासातून दिसले आणि २०१३ मध्ये त्या शहराने उष्णता कृती आराखडा तयार केला. आपल्या प्रभागात दुपारी सावली कोठे आहे, पत्र्याच्या घरांत कोण राहते, पिण्याचे पाणी किती अंतरावर मिळते, याचा नकाशा महाविद्यालयीन विद्यार्थी एका उन्हाळ्यात तयार करू शकतात.

या अभ्यासात एक अवघड धडाही असतो. भविष्याची निवड दरवेळी चांगले आणि वाईट यांतली नसते. राजस्थान व गुजरातमधील सौरऊर्जेच्या वीजवाहिन्या आणि त्यांना धडकून मरणारे माळढोक पक्षी यांच्यातील संघर्ष सर्वोच्च न्यायालयापुढे आला. त्या प्रकरणात २१ मार्च २०२४ च्या निकालात न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १४ व २१ मध्ये अंतर्भूत असल्याचे मान्य केले. स्वच्छ वीज हवी आणि दुर्मीळ पक्षीही हवा, अशा वेळी तोलून निर्णय कसा करावा, ही तालीम तरुणपणीच व्हायला हवी.

निर्णयाच्या जागी प्रवेश

१९८८ च्या ६१ व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर्षे झाले. ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान मिळाले. परंतु ग्रामसभा मतदारांची असते, त्यामुळे १८ वर्षांखालील मुले तिच्या बाहेर राहतात. ही पोकळी भरण्याचे प्रयोग देशात झाले आहेत. केरळमध्ये ‘कुटुंबश्री’अंतर्गत बालसभा आहेत, तर कर्नाटकात मुलांच्या ग्रामसभा भरवण्याची पद्धत रुजली आहे. पंचायतराज मंत्रालयाने शाश्वत विकास उद्दिष्टांच्या स्थानिकीकरणासाठी निश्चित केलेल्या नऊ विषयांत ‘बालस्नेही गाव’, ‘जलसमृद्ध गाव’ आणि ‘स्वच्छ व हरित गाव’ यांचा समावेश आहे. ग्रामपंचायत विकास आराखडा दरवर्षी तयार होतोच. त्यात युवकांच्या आखणीला स्थान देण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.

तीन गोष्टी मात्र आवश्यक आहेत. पहिली, ठरलेली वेळ : आराखडा मंजूर होण्यापूर्वी, मुलांच्या व युवकांच्या सभेची तारीख निश्चित असावी. दुसरी, माहिती : गावाचा निधी किती आणि तो कशावर खर्च होतो, हे त्यांना कळले पाहिजे, निधीचा अंदाज नसेल तर कल्पनेची यादी होते, योजना होत नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, उत्तर : मांडलेल्या प्रत्येक सूचनेचे काय झाले, ती स्वीकारली की नाकारली आणि का, हे ठरावीक मुदतीत लेखी कळवले जावे. नकारही कारणासह मिळाला तर तो शिक्षण ठरतो. मौन मात्र पुढच्या वर्षीची सभा रिकामी करते.

कोणते तरुण?

‘युवक’ हा एकसंध गट नाही. परिषदांना पोहोचणारा शहरी, सुशिक्षित तरुण आणि ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर गाव सोडणारा मराठवाड्यातील मुलगा यांच्या वाट्याला येणारे हवामान सारखे नाही. पाण्याची पायपीट वाढली की शाळा प्रथम मुलीची सुटते. सुंदरबनात मे २००९ मधील ‘आयला’ वादळाने खारे पाणी शेतात शिरल्यावर अनेक घरांतील तरुण कामासाठी दूर गेले; गावाच्या भविष्याची चर्चा करायला ते गावात उरलेच नाहीत. सभेची वेळ, जागा आणि भाषा या सर्वांना येता येईल अशी ठेवली नाही, तर सहभागातही जुनीच विषमता उमटते.

दुसरी काळजी मनाची. भारतासह दहा देशांतील १६ ते २५ वयाच्या १० हजार तरुणांच्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ५९ टक्के तरुणांनी हवामान बदलाची तीव्र चिंता व्यक्त केली आणि ७५ टक्के तरुणांना भविष्य भयावह वाटत होते. केवळ संकटाची आकडेवारी ऐकवत राहिल्याने ही भीती वाढते. मात्र ‘पुढची पिढीच जगाला वाचवील’ असे म्हणून सगळा भार तरुणांवर टाकणे हेही तितकेच अन्यायाचे आहे. साठलेले उत्सर्जन त्यांनी केलेले नाही आणि आजचे अंदाजपत्रक त्यांच्या हाती नाही. प्रौढ पिढीची जबाबदारी त्यांच्या सहभागामुळे कमी होत नाही, उलट तिला जाब विचारणारे कोणीतरी समोर बसते.

समारोप

हवामान बदलाच्या आकड्यांकडे पाहताना २०५० किंवा २०७० ही वर्षे दूरची वाटतात. शाळेच्या आवारातील पर्जन्यमापकाची नोंद, ग्रामसभेतील अर्धा तास आणि सूचनेला मिळालेले एक लेखी उत्तर यांनी ती जवळ येतात. देशाने उद्दिष्ट जाहीर केले आहे, त्याकडे नेणारे अनेक निर्णय अद्याप व्हायचे आहेत. जे त्या निर्णयांबरोबर सर्वाधिक काळ जगणार आहेत, त्यांना आराखडा तयार झाल्यावर तो पाठ करायला देण्यापेक्षा तयार होत असतानाच त्यांच्यापुढे ठेवणे न्यायाचे आहे आणि नियोजनाच्या दृष्टीने शहाणपणाचेही आहे.